न भरणारी टाकी

कोकणात संडासाच्या टाकीचं कौतुक करायची एक ठरलेली पद्धत आहे. टाकी किती मोठी, कोणी बांधली, खर्च किती आला, यातलं काही कोणी सांगत नाही. सांगतात ते एवढंच : "बांधल्यापासून एकदाही भरली नाही." कोणाची वीस वर्षं, कोणाची पंचवीस. ऐकणाराही मान डोलावतो, कारण टाकी चांगली असल्याचा याहून मोठा पुरावा त्यालाही माहीत नसतो.

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी, सड्यावरच्या वडिलोपार्जित जागेत आईबाबांनी घर बांधायला काढलं तेव्हा पुण्यात बसून कोड लिहिणारा मुलगा म्हणून माझ्या वाट्याला वायफाय आणि सोलर आलं होतं. टाकीचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकी कोणाला त्यात रस नव्हता. मग सवयीप्रमाणे मी वाचायला लागलो. वाचता वाचता लक्षात आलं, की आमच्या गावात अभिमानानं सांगतात ते वाक्य दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्येही असंच सांगितलं गेलं होतं.

व्हेसूल हे पूर्व फ्रान्समधलं लहानसं शहर. तिथे झाँ-लुई मुरास नावाच्या गृहस्थानं १८६० च्या सुमारास एक दगडी टाकी बांधली. घरातला मैला आणि सांडपाणी एका पाईपनं टाकीत येई आणि तेवढंच पाणी दुसऱ्या पाईपनं बाहेर पडे. दोन्ही पाईपांची तोंडं पाण्याखाली बुडालेली, म्हणजे हवा आत जायची नाही आणि वास बाहेर यायचा नाही. त्या काळी युरोपातल्या शहरांत घराखाली मैल्याचे खड्डे असत आणि माणसं रात्री येऊन ते उपसत. मुरासची टाकी दहा-बारा वर्षांनी उघडली, तर आत गाळ जवळजवळ नव्हताच, असं सांगतात. भरलीच नव्हती! १८८१ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. आबे म्वान्यो नावाच्या, विज्ञानावर नियतकालिक चालवणाऱ्या एका पाद्र्यानं या टाकीचं तोंड भरून कौतुक छापलं आणि इंग्रजी वाचणाऱ्यांपर्यंत ती पोहोचली ती 'मुरासचा ऑटोमॅटिक स्कॅव्हेंजर' या नावानं.

या नावाशी मी बराच वेळ अडकून पडलो. शब्दशः मराठी करायचं तर 'आपोआप चालणारा मेहतर'. फ्रेंच माणसाच्या डोळ्यांसमोर त्या नावानं एक धंदा आला असेल, वाईट आणि घाण, पण धंदाच. आपल्याकडे त्या शब्दाबरोबर एक जात येते, गावाबाहेरची वस्ती येते, मागल्या दाराची अरुंद बोळ येते. टाकीचा इतिहास वाचताना मला सतत जाणवत राहिलं, की न भरणाऱ्या टाकीचं स्वप्न मुळात त्या बोळीतून येणारा माणूस पुन्हा दिसू नये, यासाठीचं आहे. त्याची सुटका व्हावी, हा हेतू असतोच असं नाही.

पुढचा भाग पटकन सांगतो. १८९५-९६ मध्ये इंग्लंडातल्या एक्सेटर शहराचे सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरून यांनी शहराच्या एका भागासाठी बंदिस्त टाकी बांधली आणि तिला 'सेप्टिक टँक' म्हटलं. सेप्टिक म्हणजे कुजवणारी. त्यांनीही पेटंट घेतलं आणि त्यांच्या नावाची कंपनी अमेरिकेतल्या गावोगावच्या नगरपालिकांवर खटले भरत फिरली, तुम्ही आमची टाकी चोरलीत म्हणून. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. १९१३ मध्ये नॉक्सव्हिल शहराविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं, मूळ ब्रिटिश पेटंटची मुदत संपली तशी इथलीही संपली, असं म्हणून तो विषय मिटवला. तोवर इंग्लंडमध्ये १८९८ साली नेमलेल्या रॉयल कमिशननं टाकीच्या दाव्यांमधली हवाही काढून टाकली होती. सगळा गाळ टाकीत विरघळतो हे खरं नाही, आणि बाहेर पडणारं पाणी शुद्ध नसतं, असा निष्कर्ष १९०८ च्या अहवालात आला. काही भाग कुजून पाणी होतो, काही वायू होतो, उरलेला तळाशी साठत जातो. म्हणजे नीट बांधलेली टाकी भरतेच.

याच काळात ही टाकी मुंबईत आली. मुंबई महापालिका तेव्हा मैला वाहणाऱ्यांना हलालखोर म्हणे आणि त्यांच्या कामासाठी घरमालकांकडून हलालखोर कर वसूल करी. हलालखोर टोपलीचे संडास उपसायचे. त्यांनी समोरून येऊ नये म्हणून दोन इमारतींच्या मधे हाऊस गल्ली ठेवलेली असायची. माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकारानं १८९० मध्ये आश्रयस्थान उघडलं, आज वडाळ्यात अ‍ॅकवर्थ हॉस्पिटल आहे तेच. १८९७ च्या सुमारास तिथे सेप्टिक टाकी बसवून तिच्यातून निघणारा वायू गोळा केला गेला आणि त्या वायूवर इंजिन चालवलं गेलं. पालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. सी. जेम्स यांनी पूर्वेकडच्या देशांतल्या सांडपाण्यावर पुस्तकं लिहिली, त्यांचा हा काळ. भारतात मैल्यापासून गॅस बनवल्याचं हे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक. बायोगॅसचा इतिहास सांगणारे लोक माटुंग्यापासून सुरुवात करतात. ते इंजिन चालवायचं ठरवलं तेव्हा आत राहणाऱ्यांना काय वाटलं असेल, हा प्रश्न त्या इतिहासात येत नाही. गावानं हाकलून दिलेल्या लोकांच्या मैल्यावर यंत्र फिरतंय, हे चित्र माझ्या मात्र डोक्यातून जात नाही.

आता आमच्या सड्यावर येतो, कारण इथपर्यंतच्या सगळ्या गोष्टीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : टाकीच्या खाली आणि भोवती माती असणार. टाकी फक्त अर्धं काम करते. गाळ खाली बसवते, तवंग वर धरते आणि मधलं गढूळ पाणी पुढे सोडते. त्या पाण्यात रोगजंतू भरपूर असतात. उरलेलं अर्धं काम मातीचं. दोन-तीन फूट कोरडी, मोकळी माती मिळाली, तर पाणी तिच्यातून सावकाश झिरपतं, मातीतले जीव जंतूंना खातात, कणांना जंतू चिकटून मरतात आणि खाली पोहोचेपर्यंत पाणी बऱ्यापैकी निवळतं. आमच्याकडे माती नाही. आमच्याकडे जांभा आहे.

जांभ्याला इंग्रजीत लॅटराइट हे नाव मिळालं ते फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरमुळे. मलबारात अंगाडीपुरमजवळ लोक जमिनीतून मऊ दगड कापून विटांसारखा वापरतात आणि उन्हावाऱ्यात तो कडक होतो, हे त्यानं पाहिलं. लॅटिनमध्ये विटेला 'लेटर' म्हणतात, त्यावरून १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं हे नाव दिलं. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, आपली घरं, गडगे, विहिरी सगळं चिऱ्याचंच. उष्ण आणि पावसाळी हवेत मूळ खडकातली सिलिका लाखो वर्षं वाहून जाते आणि लोह-अ‍ॅल्युमिनियम मागे राहतं, तेव्हा जांभा बनतो. वरचा थर कातळ, ब्रेकर लावल्याशिवाय फुटत नाही. पण हा कातळ भरीव नसतो. त्यात भोकं असतात, नळ्या असतात, भेगा असतात. त्याच्या खाली चिकणमाती. पावसाळ्यात सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून खाली उतरतं, चिकणमातीवर अडतं आणि उतारावर जिथे हे दोन थर भेटतात तिथे झऱ्यानं बाहेर येतं. कोकणातल्या कित्येक विहिरी बरोबर त्या रेषेवर आहेत. आमच्या घरापासून खाली उतरलं की सावंतकाकींची विहीर लागते, तीही तिथेच. मे महिन्यात अर्धी वाडी तिच्यावर पाणी भरते.

आमच्या मिस्त्रींनी टाकीचा खड्डा पाहून सांगितलं, "खाली कोबा घालू नको, झिला. तसोच ठेव. टाकी जन्मात भरूची नाय." त्यांच्या स्वतःच्या घरची पंचवीस वर्षांत उघडावी लागली नव्हती. मी विचारलं, पाणी जातं कुठे? ते म्हणाले, "कातळ पिता." कातळ पितो. मला हे वाक्य फार आवडलं आणि त्याची भीतीही तितकीच वाटली.

मिस्त्रींना नावं ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही. त्यांचं गणित त्यांच्या जागी बरोबर होतं. टाकी भरली तर उपसायला माणूस हवा. गावात आता ते काम कोणी करत नाही आणि करायला सांगूही नये. टँकर तालुक्याच्या गावाहून येणार, सड्यावरच्या पायवाटेनं तो चढणार नाही. मग न भरणारी टाकी बांधणं हाच शहाणपणा ठरतो. आतून गिलावा नाही, तळाला कोबा नाही, भिंतीला दोन-चार चिरे मुद्दाम सुटे. मुरासला जे बारा वर्षांनी टाकी उघडल्यावर दिसलं, ते कोकणातला गवंडी पहिल्याच दिवशी चार चिरे कमी लावून साधतो.

भारतीय मानक संस्थेचा सेप्टिक टाकीसाठी एक संकेत आहे, आयएस २४७०. पाच माणसांच्या घराला लागणारी टाकी त्यात साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाणी राहील एवढी खोल आहे. म्हणजे गावात बांधतात त्या टाक्यांपेक्षा फारच लहान. त्यात शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवा, असंही आहे. गावात हा आकडा कोणाकोणाला माहीत असतो, फुटांत बदलून साठ असा. पण त्याच्याच शेजारचं वाक्य कोणाला माहीत नसतं : चुनखडी किंवा भेगाळ खडक असेल तिथे पाणी जमिनीत जिरवण्याची पद्धत वापरू नये, कारण भेगांतून दूषित पाणी लांबवर जाऊ शकतं. साठ फुटांचा नियम मातीसाठी आहे. भेगेला फूट-मीटर कळत नाहीत.

हे वाचल्यावर मी एक उद्योग केला. बाजारात एच टू एस चाचणीच्या बाटल्या मिळतात. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ही चाचणी मांडली, खेड्यात प्रयोगशाळेविना वापरता यावी म्हणून. बाटलीत पाणी भरायचं, एक-दोन दिवस उबेत ठेवायचं. मैल्यातले जंतू असतील तर पाणी काळं होतं. सावंतकाकींच्या विहिरीचं पाणी मी भरलं, आमच्या टाकीला एक थेंबही पोहोचायच्या आधी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली काळी झाली होती.

काकींना दाखवलं. त्या बघत राहिल्या. "पावडर टाकतत ना पण?" म्हणाल्या. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो हे खरं. पावडर टाकल्यावर पुन्हा चाचणी केली, बाटली स्वच्छ राहिली. आठवड्यानं पुन्हा काळी. वरच्या अंगाला सात घरं आहेत आणि सातही टाक्या कधी भरलेल्या नाहीत. कोणाच्या टाकीतून येतंय ते रंग टाकून शोधता येतं. संडासात हिरवा चमकणारा रंग ओतायचा आणि विहिरीवर लक्ष ठेवायचं. मी बाबांना तसं म्हणालो. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आम्हांला या गावात राहायचंय." विषय संपला. मी अजूनही ठरवू शकलेलो नाही, की ते चूक होते की बरोबर.

याच दिवसांत मी अप्पासाहेब पटवर्धनांबद्दल वाचायला घेतलं. शाळेत 'कोकणचे गांधी' एवढीच ओळख होती आणि अशी ओळख असली की माणूस पुतळा होऊन जातो. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, जन्म १८९४, रत्नागिरीकडचे ब्राह्मण. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैलासफाईचं काम मागितलं. जेलचा नियम असा, की सवर्ण कैद्याला ते काम द्यायचं नाही. त्यांनी जेवण कमी केलं. ही बातमी येरवड्याला गांधींपर्यंत पोहोचली आणि ३ डिसेंबर १९३२ ला गांधींनीही उपास सुरू केला. सरकारनं दोन दिवसांत नमतं घेतलं. स्वातंत्र्यानंतर अप्पांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला आणि आयुष्याचा मोठा भाग चक्क संडासांच्या रचना करण्यात घालवला. गोपुरी संडास, सोपा संडास, पुढे मैल्याचा आणि शेणाचा गॅस.

मला त्यांच्यात सगळ्यांत वेगळी वाटली ती त्यांची दिशा. मुरासपासून आमच्या मिस्त्रींपर्यंत सगळे टाकी कशी विसरता येईल ते बघतात. अप्पांना ती विसरायचीच नव्हती. मराठीत सोनखत हा शब्द आहे, तो त्यांनी शब्दशः घेतला. मैला मातीत मिसळून, कुजवून, वास आणि जंतू जाईपर्यंत थांबून, तो शेतात घालायचा. आणि हे करताना ज्याचा मैला त्यानं त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही. ते एका जातीवर ढकललेलं काम सगळ्यांमध्ये वाटू पाहत होते आणि त्याच वेळी ते इतकं सोपं करू पाहत होते, की त्याला कोणी 'काम' म्हणू नये. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही.

त्यांचा मलप्रभा नावाचा गॅस-संडास देहूला पोहोचला तो डॉ. मापुसकरांमुळे. ते १९५९ मध्ये तिथल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून गेले, हगवण आणि जंतांवर औषधं देऊन कंटाळले आणि संडास बांधायला लागले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तुकोबांच्या गावात संडासाच्या गॅसवर स्वयंपाक झाला, हे माटुंग्याच्या इंजिनापेक्षा कितीतरी अवघड काम, कारण इंजिनाला सोवळं-ओवळं नसतं.

आम्हीही गॅसचा विचार केला. पण माणशी दिवसाला साधारण एक घनफूट गॅस मिळतो. घरात दोघं, सणासुदीला पाच. चहासुद्धा धड होणार नाही. गोठा असता तर गोष्ट वेगळी.

मग करायचं काय? याचं उत्तर अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात १९४७ मध्ये सापडलेलं होतं. जमीन जिरवत नसेल तर जमिनीच्या वर माती रचायची आणि टाकीचं पाणी त्या ढिगात सोडायचं. पुढे विस्कॉन्सिनमध्ये १९७० च्या दशकात यावर संशोधन झालं आणि 'विस्कॉन्सिन माउंड' हे नाव रूढ झालं. मी बाबांना लॅपटॉपवर त्याचं चित्र दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "हे तर कलम लावण्यासारखं आहे."

खरंच होतं. आमच्या सड्यावरची हापूसची कलमं आजोबांनी लावली ती अशीच. कातळात सुरुंग लावून खड्डा, खालून डोक्यावर आणलेली माती, भोवती गडगा. ज्या जमिनीत काही उगवत नाही तिथे माती आणून ठेवायची, ही युक्ती कोकणाला विस्कॉन्सिनच्या आधीपासून येते. कोणी ती संडासासाठी वापरली नाही इतकंच, कारण तिथे कातळ पितो.

आम्ही टाकी चिऱ्याचीच बांधली, पण दोन कप्प्यांची, तळाला कोबा, आतून सिमेंटचा पक्का गिलावा. पाणी भरून आठवडाभर ठेवली आणि पातळी मोजत राहिलो. मिस्त्री रोज येऊन हसायचे. पुढे खडीचा एक कप्पा, ज्यात पाणी खालून वर चढतं आणि खडीवरचे जंतू थोडी साफसफाई करतात. त्यानंतर वाफा. वाफा विहिरीच्या उलट अंगाला घेतला. घर बरोबर चढाच्या माथ्यावर आहे, त्यामुळे पाईपला दुसऱ्या बाजूनंही उतार मिळाला, पंप लागला नाही. तीन फुटी गडगा, आत वाळू आणि माती, वर खडीत भोकाचा पाईप. छपराचं आणि सड्यावरून वाहून येणारं पाणी वाफ्यात शिरू नये म्हणून वरच्या बाजूला चर, कारण आमच्याकडे पाऊस भरपूर पडतो आणि भिजून चिंब झालेली माती काहीच गाळत नाही. पहिल्या जुलैत दोन दिवस वाफ्याच्या पायथ्याशी ओल दिसली. चर खोल केला, थांबली. आता वर कर्दळ आहे आणि आईनं माझ्या सूचनेविरुद्ध लावलेली एक केळ.

मातीचे सात ट्रक टाकीपेक्षा महाग पडले. गावात चर्चा झाली.

आणि ही टाकी भरणार आहे. तीन-चार वर्षांनी, नक्की. म्हणून झाकण जमिनीच्या वर ठेवलं, फरशीखाली गाडलं नाही. टँकरचा होज पोहोचावा एवढा रस्ता रुंद केला, त्यात एक जुना काजू गेला आणि बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. टाकीत माणूस उतरवायचा नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. माटुंग्याला इंजिन फिरवणाऱ्या त्या वायूबरोबर टाकीत हायड्रोजन सल्फाइडही असतो आणि उतरणारा माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असं उतरवणं गुन्हा ठरवलं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई सांगितली आणि २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. म्हणजे दरम्यानच्या नऊ वर्षांत माणसं मरत राहिली.

टँकरवाल्याचा नंबर मी आधीच घेऊन ठेवलाय. किती घेता, होज किती फूट, पावसात येता का, सगळं विचारून झालं. शेवटी विचारलं, उपसलेलं नेऊन टाकता कुठे? तो क्षणभर थांबला.

"लांब," म्हणाला. "तुमच्या गावात नाय."